अठराव्या भाऱ्यानंतर

तानीच्या डोक्यावरचा अठरावा भारा टेकडीच्या उतरणीवर घसरला, आणि भाऱ्याबरोबर तानीही.

माघाचे दिवस होते. साखरशेत पाड्याच्या जवळपासची ऐनाची झाडं छाटून छाटून कधीच बोडकी झाली होती. राबासाठी फांद्या हव्यात तर दोन टेकड्या ओलांडून जायचं, कोयत्याने शेंडे उतरवायचे, वेलीने बांधायचे, डोक्यावर चुंबळ ठेवून घरी आणायचे. त्या फांद्या, पातेरा, गवत आणि शेण यांचा थर वाफ्यावर रचायचा, उन्हाळ्यात तो पेटवायचा, आणि त्या भाजलेल्या जागेत मृगाला भात पेरायचं. राब चांगला तर आवण चांगलं. आवण म्हणजे ती कोवळी रोपं, जी उपटून पुढं खाचरात लावायची. आवण खुरटलं की वर्षाचं ताट खुरटलं.

शेजारच्या सकूने तानीला उठवलं, घसरलेला भाराही खाली आणला. हाडं शाबूत होती. पण मान डावीकडे वळेना. जव्हारच्या डॉक्टरांनी मानेला पट्टा दिला आणि तीन महिने डोक्यावर काही घ्यायचं नाही म्हणून बजावलं. तानी पट्टा लावून ओट्यावर बसली. बसायची सवय नव्हती. हात सारखे पदराशी चाळा करत.

"चाळीस भारे लागतात," तिचा नवरा गोरख म्हणाला. "अठरा झाले. बाकीचे कोण आणील? मला उद्या भिवंडीला निघायचं हाय. मुकादम थांबायचा नाय."

"बा, चाळीसच का लागतात?" योगिताने विचारलं. ती जव्हारच्या शाळेत नववीला होती, रोज जीपने जायची.

"लागतात म्हंजे लागतात. माझ्या बापाला चाळीस लागायचे."

"कमी घालून बघितलं होतं का त्यांनी?"

"आवण काय खेळणं हाय, कमी घालून बघायला?"

तानी पट्ट्यातून बोलली, "विचारू दे की तिला. विचारायला भारा उचलावा लागत नाय."

त्याच आठवड्यात शाळेत कमलेश सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, विज्ञान संशोधन स्पर्धा. जिल्हा, मग राज्य. "पुस्तकातला प्रश्न नको," सर म्हणाले. "ज्याचं उत्तर मलाही माहीत नाही, असा तुमच्या घरातला प्रश्न आणा."

योगिता उभी राहिली. "सर, राब किती लागतो?"

वर्ग हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "कमरेएवढा!" कमलेश सर हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "मला नाही माहीत. कुणी मोजलाय?"

कुणीच मोजला नव्हता. योगिताच्या शेजारी बसणारी रविना, सकूची मुलगी, हळूच म्हणाली, "मी हाय तुझ्यासंगं."

सरांनी शाळेतला ताणकाटा दिला. दोघींनी ओट्यावर एकेक भारा टांगून मोजला. बावीस किलो. कधी एकवीस, कधी तेवीस. योगिताने वहीत गुणाकार केला आणि आईपुढं धरला.

"आये, तू दर वर्षी आठशे ऐंशी किलो डोक्यावर वाहतेस."

तानीला आकडा कळला की नाही कोण जाणे. पण भिवंडीहून दोन दिवसांसाठी आलेला गोरख भाकरीचा घास हातात धरून तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "चार वाफे हायेत. भारे अठराच हायेत. सगळ्यात थोडा थोडा घातला तरी अपुरा, नाय घातला तरी अपुरा. कर तुला काय करायचं ते. पण योगी, आवण गेलं तर लक्ष्याच्या दारात मूठभर रोपांसाठी हात पसरायची पाळी येईल. तो मी नाय, तू पसरायचा."

"पसरीन," योगिता म्हणाली.

लक्ष्या म्हणजे रविनाचा बाप. तो कुडावरून सगळं ऐकत होता. "गोरखदा, दोन मुठी देईन हां मी आवण. तुझी पोरगी शास्त्रज्ञ झाली म्हणून तीन देईन!" आणि आपल्याच विनोदावर खो खो हसला. रविनाने घरात जाऊन आईला सांगितलं, तेव्हा सकूने त्या संध्याकाळी नवऱ्याच्या कालवणात मीठ घातलं नाही.

पहिल्या वाफ्याला दहा भारे, म्हणजे नेहमीचा पूर्ण राब. दुसऱ्याला पाच. तिसऱ्याला अडीच. चौथ्याला काहीच नाही. अर्धा भारा उरला, तो चुलीत गेला. वैशाखात तीन वाफे पेटवले. चौथा कोरडा, भेगाळलेला, तसाच पडून राहिला.

पेरणीच्या आदल्या दिवशी दोघी सुपात भाताचं बी घेऊन बसल्या. प्रत्येक वाफ्याच्या मधोमध सुतळीचा चौकोन आखायचा आणि त्यात बरोबर चारशे दाणे पेरायचे, वीस ओळी, ओळीत वीस. दुपारभर बोटं दाण्यांवर चालली. मध्येच कोंबडीने सुपात चोच घातली आणि तीनशे बारापर्यंत आलेला हिशेब गेला. रविना रडकुंडीला आली. योगिताने पुन्हा एकपासून सुरुवात केली. टाळकऱ्याचा ठेका चुकला तर तो अभंग सोडून देत नाही, ध्रुपदावर येऊन पुन्हा उचलतो, तसं.

पेरणी झाली, शाळा सुरू झाली. दर रविवारी दोघी पावसात इरली पांघरून वाफ्यावर बसायच्या, फूटपट्टीने रोपं मोजायच्या आणि तण उपटून त्याचीही काडी काडी मोजायच्या. तिसऱ्या रविवारी योगिता चौथ्या वाफ्याशी थबकली.

सुतळीच्या चौकोनात दहा ओळी हिरव्यागार होत्या. उरलेल्या दहा पिवळ्या, दोऱ्यासारख्या. मधोमध जणू कुणी रेघ ओढली होती.

"पाणी साचलं असेल," रविना म्हणाली.

"साचलं असतं तर खालच्या अंगाला. हे वरच्या अंगाला हाय." योगिताने माती चिमटीत घेतली. हिरव्या ओळींखालची माती राखाडी होती. बोटांना मऊ लागली. तिने वास घेतला. तो वास तिला रोज सकाळी भांडी घासताना येत असे.

ती घराकडे पळाली. तानी चुलीशी होती. मानेचा पट्टा निघाला होता, पण अजून खांदे धरूनच वळायची.

"आये, चौथ्या वाफ्यात राख तू टाकलीस?"

तानी फुंकणीने चूल फुंकत राहिली.

"आये!"

"टाकली," तानी म्हणाली. "पेरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. तुमी शाळेत गेल्यावर."

"अगं, त्याला काहीच द्यायचं नव्हतं! तोच तर प्रयोग होता! मी सांगितलं होतं ना!"

"सांगितलं होतंस." तानीने फुंकणी खाली ठेवली. "सप्त्यात बुवा काय बोलले होते, ऐकलंस ना? पंगतीत शेवटच्या पानावर वाढल्याबिगर देव घास उचलत नाय. तीन वाफ्यांना वाढलंस, एक पान कोरं ठेवलंस. मला रात्री झोप नाय आली गं. पेरलेलं बी हाय ते. त्याने काय पाप केलं?"

योगिता दाराच्या चौकटीला डोकं टेकून रडली. चार महिन्यांचं काम. चारशे दाणे. कोंबडी. लक्ष्याकाकाच्या दोन मुठी. रविना तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. थोड्या वेळाने ती कानात म्हणाली, "आपण वहीत लिहू की आपणच ठरवून अर्ध्यात राख घातली. कुणाला कळणार हाय?"

तानीने ते ऐकलं. तिचा चेहरा उतरला. आपल्या हातून नुसता वाफा नाही, आणखी काहीतरी मोठं बिघडतंय, एवढं तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी कमलेश सरांनी वही वाचली, चष्मा काढला, पुसला. "योगिता, रड नंतर. आधी सांग, राब पेटवला की वाफ्याला काय काय मिळतं?"

"राख."

"आणखी?"

"...धग."

"बरं. आणि चौथ्या वाफ्याच्या अर्ध्या भागाला?"

"नुसती राख. धग नाय." योगिताचे डोळे मोठे झाले. "सर, त्या अर्ध्यात रोपं चांगली हायेत, पण तण पण लई हाय! पूर्ण राबाच्या वाफ्यात तण नाय. म्हंजे रोपाला वाढवते राख, आन् तण मारते ती धग?"

"मला काय विचारतेस? तुझा प्रश्न, तू बघ," सर म्हणाले. पण त्यांचा आवाज कीर्तनातल्या पखवाजासारखा चढला होता.

बघायचं कसं? आषाढात राब पेटवणार कुठं? पाऊस क्षणभर थांबत नव्हता. वाट सुचली ती तानीच्या चुलीपाशी. योगिता म्हणाली, "आये, माती तव्यावर भाजता येईल का?"

तानीने कमरेला पदर खोचला. भाकरीचा तवा चढवला, त्यावर शेतातली माती पसरली आणि उलथण्याने परतत बसली. घरभर भाजक्या मातीचा वास भरला. गोरख लावणीसाठी भिवंडीहून परतला तेव्हा दारातूनच त्याने विचारलं, "काय शिजवलंस आज?"

"माती," तानी म्हणाली.

"मग कालवण काय?"

"राख!" आत बसलेली रविना ओरडली आणि तिघी हसून हसून बेजार झाल्या.

पडवीत फुटकी मडकी मांडली, बारा. तिनांत कच्ची माती. तिनांत भाजलेली. तिनांत कच्ची मातीच, पण राख घालून. तिनांत भाजलेली आणि राखही. प्रत्येकात वीस दाणे. या वेळी तानीला काम दिलं राखणीचं. ती रोज मडक्यांसमोर बसायची आणि कुणी जवळ आलं की सांगायची, "हात लावू नका. कोऱ्या पानाला कोरंच राहू द्यायचं हाय." कच्च्या मातीच्या मडक्यांकडे मात्र ती बघत नसे. बघवत नसे.

लावणीला आवण उपटलं. पाच भाऱ्यांचा वाफा दहा भाऱ्यांच्या वाफ्याच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. चारशेत पहिल्याची तीनशे बावन्न रोपं, दुसऱ्याची तीनशे एकोणपन्नास. तिसऱ्यात कमी, चौथ्याच्या कोऱ्या भागात फारच कमी. पण शेवटच्या खाचराच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत आवण पुरलं. गोरखने चिखलातून कंबर ताठ केली आणि बांधापलीकडे पाहिलं. लक्ष्याने तोंड फिरवून आपल्या खाचरात मूठ रोवली.

पडवीतल्या मडक्यांनी महिन्याभरात साक्ष दिली. भाजलेल्या मातीत तण नाही, पण रोप बारीक. राखेच्या मातीत रोप ठसठशीत आणि तणही ठसठशीत. दोन्ही मिळून होतं तिथं पूर्ण राबासारखं आवण.

कार्तिकात जिल्ह्याची स्पर्धा पालघरला होती. कमलेश सर होतेच, पण मुलींसोबत कुणी बाईमाणूस हवं म्हणून तानीही निघाली, नवं पातळ नेसून. दाखवायला म्हणून ऐनाचा एक पुरता भारा सोबत घेतला. जव्हारच्या डेपोत कंडक्टर वैतागला. "ही काय एसटी आहे की बैलगाडी? सरपण विकायला पालघरला?"

"विकायला नाय, मोजायला," योगिता म्हणाली. गाडीतली माणसं हसली. भाऱ्याचं वेगळं तिकीट फाडावं लागलं.

पालघरच्या त्या मोठ्या सभागृहात कुणी चालतं यंत्र आणलं होतं, कुणी लुकलुकणारे दिवे, कुणी संगणक. या दोघींच्या टेबलावर पुठ्ठ्यावर चिकटवलेली सुकी रोपं, चार फुटकी मडकी, वही आणि टेबलाखाली भारा. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने विचारलं, "तुमचा प्रोजेक्ट अजून यायचाय का?"

तानीला आत बसायची परवानगी नव्हती. ती दाराशी पिशवी छातीशी धरून उभी राहिली.

परीक्षक दोन होते, एक बाई आणि एक गृहस्थ. बाईंनी वही वाचली आणि टेबलाखालचा भारा उचलून बघितला. पहिल्यांदा तो हललाच नाही. दुसऱ्यांदा गुडघ्याएवढा आला आणि पडला. "हे डोक्यावर?" त्यांनी विचारलं.

"दोन टेकड्या. चाळीस वेळा," रविना म्हणाली.

बाईंनी तक्त्यावर बोट ठेवलं. "हा चौथा वाफा. अर्ध्यात फक्त राख, अर्ध्यात काहीच नाही. राख आणि उष्णता वेगळी करायची ही युक्ती मला फार आवडली. शाळेच्या पातळीवर असं नियोजन दिसत नाही. कुणाला सुचलं?"

टेबलाखाली रविनाचा अंगठा योगिताच्या पायावर दाबला गेला. सभागृहात कुठंतरी यंत्र घुर्र घुर्र करत होतं. एक शब्द, "आम्हाला," एवढा म्हटला की झालं. योगिताने दाराकडे पाहिलं. तानी तिच्याकडेच बघत होती. ऐकू येत नव्हतं तिला काही, नुसती बघत होती.

"कुणालाच नाय, मॅडम," योगिता म्हणाली. "तो वाफा बिघडला होता."

परीक्षक गृहस्थांनी पेन थांबवलं. "बिघडला म्हणजे?"

"माझ्या आयेने आमच्या मागारी राख टाकली. दया आली तिला. अर्ध्यातच पडली. आमी ठरवलं नव्हतं. चुकलंच ते."

"मग बाळ, प्रयोगावर तुमचं लक्षच नव्हतं. बाकीच्या आकड्यांवर मी विश्वास कसा ठेवू?"

योगिताने वही पुढं ओढली. "म्हणूनच सर, ते जे चुकून दिसलं ते खरं की खोटं बघायला आमी मडकी लावली. बारा. प्रत्येक गोष्ट तीन तीनदा. एकदा चुकून होईल, तीनदा चुकून होणार नाय." आणि तिने वहीचं ते पान उघडलं, जिथं तिने त्या रविवारी लिहिलं होतं: आईने राख टाकली, मी रडले, आज मोजणी नाही.

गृहस्थांनी ते पान दोनदा वाचलं. बाई वळल्या. "आई आल्यात का?"

तानीला आत आणलं. ती टेबलाजवळ येताच हात जोडून म्हणाली, "चूक माझी हाय बाई. पोरींना शिक्षा नको. मला काय ते बोला."

"शिक्षा नाही हो ताई. मला सांगा, राख किती टाकली?"

"सुपाने दोन सुपं. चाळून. कोळसा असला तर कोंबाला टोचतो."

"आणि अर्ध्यातच का?"

"संपली," तानी म्हणाली.

बाई हसल्या. गृहस्थही हसले. तानीला वाटलं आपण काही चुकीचं बोललो. तिने समजावून सांगितलं, "आणखी असती तर सगळ्याच वाफ्याला घातली असती. मग या पोरींना काय बी समजलं नसतं. देवानंच हात आखडला म्हणायचा."

संध्याकाळी निकाल लागला तेव्हा तिसरा क्रमांक पुकारला, दुसरा पुकारला, आणि रविना हळूच टेबलावरची मडकी पिशवीत भरू लागली. मग लाउडस्पीकरवरून आलं, "प्रथम क्रमांक, योगिता गोरख आणि रविना लक्ष्या, जव्हार!" मडकं रविनाच्या हातातून सुटलं आणि फुटलं. कमलेश सर खुर्चीवर उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या गृहस्थ परीक्षकांनी पदक घालताना योगिताला म्हटलं, "बिघडलेला वाफा लपवला असतास, तर मीच तुला खाली बसवलं असतं. मला शंका आलीच होती."

पौषात राज्याची स्पर्धा झाली. तिथं तर प्रश्नांची झोड उठली. योगिता मोजणी सांगे, रविना मडक्यांचं सांगे. आता दोघींना दोघींचा आधार झाला होता, टाळाला मृदंगाचा असतो तसा. शेवटी व्यासपीठावरून निष्कर्ष वाचला गेला: निम्म्या राबाची राख आणि धगही आवणाला पुरते, एका बाईच्या मानेवरचं ओझं वर्षाला आठशे ऐंशी किलोंवरून चारशे चाळीसवर येतं. सभागृहातली माणसं उठून उभी राहिली. राज्यात पहिला क्रमांक साखरशेतला आला.

जीप साखरशेतच्या फाट्यावर आली तर गोरख भजनी मंडळ घेऊन उभा. कपाळावर बुक्का, गळ्यात टाळ. पोरींना पुढं घातलं आणि अख्खा पाडा नाचत गेला. विठ्ठलाचं नाव आणि योगिताचं नाव एकाच ठेक्यात बसलं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. देवालाही नसेल वाटलं.

फक्त लक्ष्या बाजूला उभा होता. त्याच्या पोरीच्या गळ्यातही पदक होतं, डोळे भरून आले होते, पण जीभ जुनीच. "बिल्ला मिळाला म्हणून भात उगवत नाय. मी आपले चाळीसच टाकणार."

"टाक की," सकू म्हणाली. "वीस मी आणीन. पुढचे वीस तुझ्या डोक्यावर."

माघ लागला. बायका पुन्हा कोयते घेऊन चढावर गेल्या. रविवार होता म्हणून योगिताही खाली वाफ्यांशी होती, वही घेऊन, घरागणिक रेघा मारत. कुणी हिशेब विचारी, कुणी नुसतं बघून हसे. "काय गं मास्तरीण, माझे किती?" "तुझे सोळा, मावशी." "बघ हां, खोटं लिहू नको!" "मी नाय लिहीत खोटं."

अकराच्या सुमारास तानीने खाली वाफ्याशी भारा टाकला आणि सवयीने कोयता उचलून पुन्हा चढाकडे वळली.

"आये, कुठं?"

"भारा आणायला."

"वीस झाले."

तानीने रचलेल्या ढिगाकडे पाहिलं. मग वर टेकडीकडे. मग हातातल्या कोयत्याकडे. तिची मान आता दोन्हीकडे वळत होती.

"झाला?"

"झाला, आये."

राब पुरा झाला की टेकडीला ऐकू जाईल अशी कुकारी द्यायची, ही पाड्यावरची रीत. दर वर्षी ती फाल्गुन सरता सरता, थकल्या आवाजात निघायची. तानीने कोयता जमिनीत रोवला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि माघाच्या भर उन्हात ओरडली, "कूऽऽ! झाला गंऽऽ! आमचा राब झालाऽऽ!"

मग वरून सकूचा आवाज आला, "आमचा बी झालाऽऽ!" त्यामागून आणखी एक, पलीकडच्या धारेवरून आणखी दोन. एकेक करून अख्ख्या टेकडीने ध्रुपद धरलं. आणि खाली ओट्यावर बसलेला लक्ष्या उठला, डोक्याचा गमछा सोडून उंच फिरवला आणि सगळ्यांच्या वरताण आवाजात ओरडला, "झालाऽऽ!"